बटणांचा ठेका

सातपूरच्या एका कारखान्यात तो पत्रा ठोकणारं प्रेस मशीन चालवायचा आणि सुटीच्या दिवशी जुन्या व्हिडिओ गेमचं संगीत कॉम्प्युटरवर नव्यानं घडवायचा. मी त्याच्याकडे एकदाच गेलो, माझा धाकटा भाऊ गेल्यावर दोन महिन्यांनी.

सोबत एक कॅसेट होती. लहानपणी भावानं टीव्हीपुढे टेपरेकॉर्डर ठेवून आवडत्या गेमचं संगीत उतरवून घेतलं होतं, तेही खेळता खेळता. त्यामुळे संगीताबरोबर त्याच्या बटणांची टकटकही आली होती.

"खरखर काढा, पण ती टकटक राहू द्या," मी म्हणालो. "त्याचं एवढंच उरलंय."

त्यानं हेडफोन लावले, डोळे मिटले आणि बोटानं टेबलावर ठोके द्यायला लागला. थोड्या वेळानं पडद्यावर संगीत, खरखर आणि टकटक अशा तीन वेगळ्या पट्ट्या दिसू लागल्या.

"काय खेळायचा हो काका तुमचा भाऊ!" तो हसला. "एक ठोका चुकत नाय. मी दिवसभर प्रेसवर असतो, माझ्या कानाला फसवता येत नाय. आता ढोलक कशाला शोधू? हाच ठेका घेतो."

मग त्यानं तीच धून नव्या वाद्यांवर बसवून ऐकवली. बासरी आणि व्हायोलिनच्या खाली भावाची बोटं ठाम ठेका धरून होती.

भाऊ प्रत्येक डाव हरायचा आणि मी त्याला चिडवायचो, नुसती बटणं बडवतोस म्हणून. तो इतकी वर्षं वाजवत होता, हे मला एका अनोळखी माणसानं सांगितलं.