मधला पाय आणि मधली सुट्टी

हा किस्सा मी लपवणारच होते. पण अख्ख्या शाळेनं तो डोळ्यांनी पाहिलाय, मग लपवू कुणापासून? तर सांगूनच टाकते. गेल्या वर्षी, मी नववीत असताना, माझ्यामुळे आमची मधली सुट्टी संपायलाच तयार नव्हती!

झालं असं, की विज्ञान प्रदर्शनासाठी मी शाळेची आपोआप वाजणारी घंटा बनवायला घेतली. तास संपला की घंटा, सुट्टी झाली की घंटा, आणि किती मिनिटं उरली ते लाल आकड्यांत समोर दिसणार. आमच्या शाळेतून एकच प्रयोग तालुक्याला जायचा होता आणि तो माझा असावा, असं मला मनापासून वाटत होतं. का? तर नववीपर्यंत मी एकदाही स्टेजवर गेले नव्हते. साधं प्रार्थनेलासुद्धा मला मागच्या रांगेत उभं करतात.

यंत्राचा मेंदू म्हणजे मायक्रोकंट्रोलर. गोमेसारखी चाळीस पायांची काळी चिप. पॉलिटेक्निकला शिकणाऱ्या माझ्या मावसबहिणीनं, संध्याताईनं, तिच्यात प्रोग्रॅम भरून दिला होता. पण या चिपला स्वतःची नाडी नसते. ठोके देणारा एक बारका भाग तिला बाहेरून जोडावा लागतो. ताईच्या आकृतीत त्या भागाला दोन पाय होते.

मी शालिमार चौकाजवळच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात त्या भागाचं नाव, 'क्रिस्टल', लिहिलेली चिठ्ठी पुढे केली. दुकानदार म्हणाला, "क्रिस्टल संपलंय. त्याच्याऐवजी हा रेझोनेटर ने, मस्त चालतो. कपॅसिटरपण नको वेगळे, याच्या आतच आहेत."

घरी येऊन पुडी उघडली, तर त्याला पाय तीन!

आता सांगा, परत जाऊन विचारायला नको होतं? पण काउंटरवर पाच-सहा दादा-काका उभे असतात आणि मी बोलले की सगळे एकदम "काय?" म्हणून कान पुढे करतात. त्यापेक्षा मी विचार केला: आकृतीत पाय दोन, याला तीन, म्हणजे मधला जास्तीचा. आणि नेलकटर घेऊन तो मुळापासून कापून टाकला. अगदी स्वच्छ!

यंत्र लावलं. ढिम्म. कुठं सुटलंय का म्हणून रेझोनेटरला बोट लावलं आणि काय आश्चर्य, आकडे सुरू! बोट काढलं, थांबले. लावलं, पुन्हा सुरू.

आई पोळ्या लाटता लाटता म्हणाली, "हातगुण आहे गं तुझा. आमच्या आत्याबाईंचा असाच होता, लोणचं कधी नासायचं नाही."

एरवी मी आईला शास्त्र समजावते. त्या दिवशी मात्र मला ते पटलं. मनातून बरंही वाटलं.

मुख्याध्यापिका बाई म्हणाल्या, "एक दिवस शाळेत चालवून दाखव. उद्याच शिक्षण खात्याचे साहेब निवड करायला येणार आहेत."

झालं! दुसऱ्या दिवशी सकाळपासून मी ऑफिसच्या कोपऱ्यात, डाव्या हाताचं बोट रेझोनेटरवर ठेवून बसले. शिपाई तुकाराममामांनी लोखंडी टोल उतरवून ठेवला आणि ते मला चिडवू लागले, "पोरी, मला घरी बसवती काय?"

"नाही मामा, फक्त तुम्हाला आराम."

"मग बरं हाय! आज मी हाताला तेल लावून आलो."

बाईंनी विचारलं, "सारखी धरून का बसलीयेस त्याला?"

"लक्ष ठेवतेय, बाई."

तास अगदी वेळेवर पडत गेले. बोटाला मुंग्या आल्या, पण मी हलले नाही. वीस मिनिटांची मधली सुट्टी झाली. आकडा खाली खाली येत बारावर आला आणि दारातून साहेब आत आले.

मी काय केलं असेल? पाचवीपासून अंगात मुरलेलं तेच! ताडकन उभी राहिले आणि हाताची घडी घातली.

आकडा बारावर थांबला.

"वा, बोलक्या डोळ्यांची मुलगी आहे," साहेब खुर्चीत बसत म्हणाले. "शिस्त आवडली मला. बाळ, आयुष्यात वेळेइतकं मोलाचं काही नाही..." आणि ते वेळेचं महत्त्व सांगू लागले. चहा आला. बशीत बिस्किटं आली. वेळेचं महत्त्व काही संपेना. त्यांच्या खांद्यावरून मला लाल बारा दिसत होता. रेझोनेटर माझ्यापासून जेमतेम वीतभर लांब! पण मोठी माणसं बोलत असताना हाताची घडी सोडायची? माझ्याच्यानं होईना.

बाहेर तर आनंदीआनंद. आधी सगळे धावून धावून दमले. मग गेटबाहेरच्या पेरूवाल्याची पाटी रिकामी झाली. शिक्षक वर्गाकडे फिरकेनात, यंत्र वाजलं नाही तर ते तरी काय करणार? तुकाराममामा बाकावर घोरत होते.

शेवटी पाचवीतली एक चिमुरडी दारात आली. "बाई, मी घरी जाऊ? सुट्टी संपतच नाहीये."

साहेबांनी मनगटावरचं घड्याळ पाहिलं. "तुमची मधली सुट्टी किती वेळाची असते?"

"वीस मिनिटांची, साहेब," बाई म्हणाल्या आणि त्यांचा चेहरा उतरला.

"मला येऊनच तास होत आला!"

सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी खरं तेच सांगितलं, "सर, मशीनप्रमाणे अजून बारा मिनिटं बाकी आहेत."

बाईंनी कपाळाला हात लावला. मी रडवेली होऊन बोट टेकवलं. आकडे चालू.

"अस्सं!" साहेब उठले. त्यांनी माझं बोट बाजूला करून स्वतःचं ठेवलं. चालू! मामांना उठवून त्यांचं तेलकट बोट टेकवलं. तरीही चालू! माझा हातगुण तिथल्या तिथे संपला.

"याचा मधला पाय कुठाय?" साहेबांनी वाकून विचारलं. ते पूर्वी विज्ञान शिकवायचे म्हणे.

"कापला, सर."

"का?"

"जास्तीचा होता."

साहेब इतके हसले की चहा सांडला. "अगं, तो ग्राउंडला, म्हणजे उणे टोकाला, जोडायचा असतो! आतले कपॅसिटर त्याच्यावरच टेकलेले असतात. ते लोंबकळले म्हणून बोटाचा आधार लागला. नीट करून ठेव, आठवड्यानं येतो."

त्या संध्याकाळी दुकानात जाऊन मी मोठ्यानं विचारलं, "मधला पाय ग्राउंडला ना?" नवा रेझोनेटर आणला, मधला पाय ग्राउंडला, कडेचे दोन चिपला, आणि घंटा आठवडाभर वेळच्या वेळी वाजली. कुणाचंही बोट न लावता!

साहेब आले. दिवसभर बघून खूश झाले. छापील फॉर्म काढून एकेक प्रश्न विचारत लिहू लागले. शेवटचा प्रश्न होता, "यात विद्यार्थिनीचं स्वतःचं काम काय?"

मला इतका आनंद झाला होता! पहिल्यांदाच खणखणीत आवाजात मी म्हणाले, "आता काहीच नाही, सर!"

त्यांनी ते तस्संच लिहून घेतलं. अक्षर फार सुंदर होतं त्यांचं.

यंत्र तालुक्याला निवडलं गेलं. त्याच्यासोबत स्टेजवर मात्र तुकाराममामा गेले, कारण फॉर्मप्रमाणे माझं काम काहीच नव्हतं आणि प्लग लावायला कुणीतरी हवं होतं. परत आल्यावर त्यांनी बाईंसमोर माझी पाठ थोपटली.

"लय भारी मशीन बनवलंस पोरी. म्होरं नुसतं उभं राहायचं. कुणालाबी जमंल!"