वाळवणाची राखण

"मॅडम, तुमी वर गच्चीवर बसा. कावळे लई झालेत."

आमच्या शिक्षणसंस्थेच्या अध्यक्षांच्या बायकोनं हे सांगितलं तेव्हा मी पदर खोचून पापड लाटायला बसलेच होते. हातात लाटणं होतं. ते तिनं माझ्या हातातून घेतलं नाही. "ठेवा खाली," म्हणाली. मी ठेवलं. मग ती शेजारच्या बाईंना म्हणाली, "धुऊन घ्या जरा."

बसलेल्या सगळ्या जणी शिक्षिका होत्या. सगळ्या एकाच संस्थेच्या, एकाच शाळेच्या. कुणी मान वर केली नाही. लाटण्यांचा आवाज तेवढा वाढला.

"देवाच्या नैवेद्यालाबी यातलंच लागतंय, म्हणून म्हणलं," काकू हसून म्हणाल्या. हो, आम्ही सगळ्या तिला काकू म्हणायचो. संस्थेच्या अध्यक्षांची बायको म्हणजे काकू. आणि आम्ही काकूंच्या घरच्या. घरच्या म्हटलं की मजुरी द्यावी लागत नाही.

आमची शाळा विनाअनुदानित. अनुदान येणार, येणार, यंदा नक्की येणार, या एका वाक्यावर माणसं म्हातारी होतात. आणि प्रस्तावावर सही अध्यक्षांची. म्हणून त्यांच्या घरी लग्न निघालं की गुरुजी लोक पंगतीत वाढायला. निवडणूक आली की जीपमध्ये बसून गावोगाव हिंडायला. परीक्षा संपल्या, ऊन तापलं, की बाया पापड-कुरडयांना. याचा कागद कधी निघत नाही. मुख्याध्यापक नुसते म्हणतात, "काकूंनी आठवण काढलीय."

माझी आठवण त्याआधी कधी काढली नव्हती. मला वाटायचं, बरं झालं, सुटले. त्या उन्हाळ्यात दोघी बाळंतपणाच्या रजेवर होत्या, हात कमी पडले, म्हणून नवीन मुख्याध्यापकांनी मलाही निरोप दिला. आमच्या वस्तीवर निळा झेंडा आहे हे त्यांना सांगायचं कुणाच्या लक्षात राहिलं नसावं. काकूंच्या लक्षात होतं.

तर मी वर गेले. एम. एस्सी., बी. एड. नववी-दहावीला विज्ञान शिकवते. हातात काठी, डोक्यावर पदर, पुढे जुन्या धोतरांवर पसरलेले पापड. खालून सूप भरून यायचं, सुनंदा मॅडम ते पसरून जायच्या. पसरायचं कामही मला नव्हतं. मी फक्त काठी हलवायची.

दुपारी खाली सगळ्यांना स्टीलच्या ताटात जेवण. माझं वर आलं, कागदाच्या पत्रावळीवर. सुनंदा मॅडम म्हणाल्या, "मनावर घेऊ नका हं. इथं सावलीत निवांत जेवा." गच्चीवर सावली कुठं होती? पाण्याच्या टाकीच्या कडेला हातभर. त्या माझ्याकडे न बघता खाली उतरल्या. मी जेवले नाही. कावळ्यांनाही घातलं नाही. तशीच गुंडाळून ठेवली.

त्याच वेळी फाटकाशी एक मोटारसायकल थांबली. मागे मोठी काळी पिशवी. ऑनलाईन मागवलेलं सामान घेऊन आलेला माणूस. माझ्याच वयाचा असेल. काकू स्वयंपाकघरातून ओरडल्या, "आत आणून ठेव रे!"

"आत येत न्हाई आमी. बाहेर या, ओटीपी सांगा."

"हात पिठाचे हायेत माझे!"

"मग धुवा. लवकर करा, लई गावं राहिलेत."

आणि काकू आल्या. पिठाचे हात तसेच वर धरून, चपला शोधत, उन्हात फाटकापर्यंत आल्या. आकडे सांगितले. खोकं त्याच्या हातातून घेतलं. त्याचं आडनाव विचारलं नाही. खोक्यावर पाणी शिंपडलं नाही. तो गाडीला किक मारून निघूनही गेला. मी काठी घेऊन वरून बघत होते. ज्या घरापुढे आमचे मुख्याध्यापक चपला काढून उभे राहतात, त्या घराला त्यानं बाहेर बोलावलं होतं.

संध्याकाळी घरी आले. माय दारात बसली होती. तिची कंबर गेली आहे. उमर सगळी ऊसतोडीत गेली, डोक्यावर मोळ्या घेऊन फळीवरून ट्रकात चढण्यात. तिनं विचारलं, "तोंड कावून उतरलंय?"

"मला पापड लाटू दिले नाहीत, माय."

"कावून गं? तुझे तर लई पातळ होतेत."

आणि माझ्याच तोंडून निघालेलं वाक्य मला ऐकू आलं. अंगाची आग झाली. मला राग कशाचा आला होता? फुकट राबवलं याचा नाही. राबणाऱ्यांच्या रांगेत मला बसू दिलं नाही, याचा! गुलामांमध्येही मला मागे ठेवलं, आणि मी पुढची जागा मागत होते. काकूंचा राग होताच, पण त्या क्षणी त्याहून जास्त मला स्वतःची शिसारी आली. रात्रभर तेच डोक्यात.

दुसऱ्या दिवशी सकाळी मुख्याध्यापकांचा फोन आला. "मॅडम, काकू वाट पाहायल्यात. आज कुरडया हायेत."

"मी येणार नाही सर."

"अहो, बाकीच्यांचे हात दुखायलेत. तुमाला तर नुसतं बसायचंय."

सवलत देत होते मला!

"आज नाही आणि जूनमध्येही नाही," मी म्हणाले.

"येड्यावानी करू नका. अनुदान जवळ आलंय."

"अनुदान आल्यावर लाटणं धुवायचं थांबेल का?"

ते म्हणाले, "कोणतं लाटणं?" त्यांना खरंच माहीत नव्हतं, की माहीत असून विचारलं, ते मला आजही कळलेलं नाही. मी फोन ठेवला.

जूनमध्येही नाही, म्हणजे शाळा उघडल्यावरही नाही, हे रागात बोलून गेले होते. नंतर कितीतरी दिवस मी ते वाक्य उलटसुलट करून बघत होते. मला शिकवायला आवडतं, हे इथं सांगून ठेवते. चार लिंबांत तांब्याच्या तारा नि जस्ताचे खिळे खुपसून छोटा दिवा लागतो तेव्हा नववीच्या पोरी एकदम पुढे सरकतात, त्यासाठी मी कितीही उन्हाळे काढले असते. ते का सोडू? चोर त्यांनी व्हायचं आणि घर मी सोडायचं? सगळ्यात जास्त संताप याचाच होता, अजूनही आहे. पण शाळेत जायची वाट त्या गच्चीवरून होती. दुसऱ्या संस्था पाहिल्या. प्रत्येक संस्थेला एक अध्यक्ष होता आणि प्रत्येक अध्यक्षाला एक घर.

शेवटी तालुक्याला, केजला, रस्त्याकडेच्या पत्र्याच्या शेडमध्ये गेले. तिथून ऑनलाईन मागवलेला सगळा माल गावोगाव सुटतो. काम मागितलं, तर तिथला पोरगा माझी पदवी ऐकून खुर्चीतून उठलाच. "ताई, बाया कोणी न्हाईत आपल्याकडं. उन्हातानात हिंडावं लागतंय, कुत्रे मागं लागतेत. आन गिऱ्हाइकानं खराब शेरे दिले की वरून काम बंद होतंय. मी काय करू शकत न्हाई."

"वरून म्हणजे कोण?"

"ते मलाबी म्हाईत न्हाई."

म्हणजे मालक इथंही होताच, फक्त दिसत नव्हता. मी काही भोळेपणानं गेले नाही. विचार करून सांगते म्हणाले आणि घरी आले.

मायला सांगितलं. ती कंबर धरून उभी राहिली. "मी डोक्यावर मोळ्या वाहिल्या, त्या तू लोकांचे खोके वाहावेस म्हणून? वस्तीवर तुला मॅडम म्हणतेत. उद्या काय म्हणतील?"

तिचं बरोबर होतं. तरी मी ओरडले. "मॅडम म्हणवून घेऊन मी राखलं काय, माय? पापड राखले! काठी घेऊन!"

तिला पत्रावळीचंही सांगितलं. ती भिंतीकडे तोंड करून बसली. अजून माझ्याशी धड बोलत नाही. पण त्या ओरडण्यातच माझं ठरलं. शाळेला राजीनामा दिला, स्कुटीला पिशवी बांधली.

आता नांदूरघाटच्या बाजूची गावं माझ्याकडे आहेत. पाठ भरून येते. उन्हानं कातडी काळवंडली. बरेच लोक हसून सामान घेतात, पाणी विचारतात. सगळेच नाहीत. गेल्या महिन्यात एका मोठ्या घरापुढे गाडी लावली. ओट्यावर पांढऱ्या कपड्यातला एक म्हातारा. खोक्यासाठी हात पुढे करून म्हणाला, "कोणाची गं तू?"

मी बापाचं नाव सांगितलं, गाव सांगितलं.

"आडनाव?"

तेही सांगितलं. मोठ्यानं.

पुढे आलेला हात मागे गेला. "ठेव तिथं ओट्यावर."

"हातात घ्या."

"ठेव म्हणलं ना!"

"हातात घेणार नसाल तर माल परत जातो."

असा काही नियम नाही. मी तिथं उभ्याउभ्या केला. तो म्हणाला, "तक्रार करीन." मी म्हणाले, "करा." खोकं पिशवीत टाकलं, मोबाईलवर 'ग्राहकाने नाकारले' दाबलं आणि गाडी वळवली.

तक्रार झाली. खराब शेरा पडला. शेडमधल्या पोराचा फोन आला, "ताई, ओट्यावर ठेवून यायचं ना. काय बिघडतंय?"

त्याला म्हटलं, बिघडतंय. असे आणखी शेरे पडले की काम जाईल, मला माहीत आहे. जाऊ दे. दुसरं शोधीन, तेही गेलं तर तिसरं. पण माझ्याकडून ज्याला काही हवं असेल, त्यानं ते माझ्या हातातून घ्यायचं. खाली मी काहीही ठेवणार नाही.