दगडफुलाची पुरचुंडी

२००५ साली मी अलास्कात रेनडिअरचा चारा बघायला गेलो, हे पुण्यात कुणाला खरं वाटलं नाही. बरोबरीची पोरं सांता क्लारात कोड लिहीत होती. मी पडलो शेतकी कॉलेजातला. अमेरिकेत कुरणांवर एम.एस. केलं आणि आर्क्टिकच्या उंबरठ्यावरच्या एका गावात सरकारी कंत्राटावर रुजू झालो. गावातून निघालेला रस्ता कुठल्याच दुसऱ्या शहराला पोचत नव्हता. एका मित्राला फोनवर म्हटलं, इथे फार एकटं वाटतं, तर म्हणाला, "मग वीकेंडला ड्राइव्ह करून ये ना यार." त्यानंतर मी त्याला फोन करणंच सोडलं.

माझं काम एका बाईंच्या कुरणावर होतं. त्या तिथल्या मूळच्या लोकांपैकी, साठी उलटलेल्या, नवरा गेलेला. मी मनात त्यांना काकूच म्हणायचो. त्यांचा रेनडिअरचा कळप होता आणि दर वर्षी तो टिकेल की नाही याचा घोर होता. रेनडिअरचे रानटी भाऊबंद म्हणजे कॅरिबू. थंडीच्या तोंडावर ते हजारोंनी तिथून जात आणि पाळीव जनावरं त्यांच्यात मिसळून निघून जात. आसपासच्यांचे कळप असेच गेले होते. काकूंचा जाऊ नये आणि कुरणालाही आळीपाळीने विसावा मिळावा, म्हणून सरकार कुंपणाला मदत देणार होतं. ते कुठे घालायचं, हे मी सांगायचं.

रेनडिअर हिवाळाभर जे खातात ते पाहून मला हसूच आलं. आई गोड्या मसाल्यात घालते त्या दगडफुलाचं ते पांढरं भावंड. एकदा ओरबाडलं की पुन्हा वाढायला माणसाचं अर्धं आयुष्य जातं. दिवसभर मी त्यावरून चालायचो आणि संध्याकाळी डब्यातलं सूप गरम करून भिंतीकडे बघत प्यायचो.

कुंपणाचे खांब बोटीने येणार होते. वादळांनी बोट अडली. खांब किनाऱ्यावर उतरले तेव्हा जमीन गोठून दगड झालेली. आता ठोकायचे ते पुढच्या उन्हाळ्यात. वरातीमागून घोडं म्हणतात ते हेच. मी चिडून काकूंना तसं सांगितलं, तर त्या खांबांवर ताडपत्री घालू लागल्या.

त्याच आठवड्यात वसुबारस आली. आई फोनवर म्हणाली, गाय नसेल तर निदान चित्राची पूजा कर. चित्र कशाला, म्हणून मी काकूंकडे गेलो. बाटलीने दूध पाजून वाढवलेली एक मादी त्यांच्या दाराशी असायची, सोबत तिचं पिल्लू. तिची पूजा करू का, असं विचारलं. "त्याने कॅरिबू थांबणार असतील तर जरूर कर," त्या म्हणाल्या. मी तिच्या कपाळावर कुंकू लावलं आणि आईने पाठवलेल्या मसाल्याच्या पुड्यातलं दगडफूल पुढे धरलं. तिने हुंगलं, सगळं खाल्लं आणि माझ्या खिशात तोंड घातलं. तिथे गेल्यापासून त्या दिवशी पहिल्यांदा सण असल्यासारखं वाटलं.

पुढच्या आठवड्यात कॅरिबू आले आणि गेले, त्यांच्याबरोबर काकूंचा कळपही. बर्फावर सगळ्या खुरांच्या खुणा एकमेकांत मिसळल्या होत्या. कुंकवाची मादीही गेली, पिल्लासकट. मी काकूंना म्हणालो, चला, शोधू.

"त्यांना कुणी नेलं नाही," त्या म्हणाल्या. "ते गेले."

मला ते फार लागलं. आईसुद्धा शेजारणींना माझ्याबद्दल हेच सांगत असणार.

उन्हाळ्यात कुंपण उभं राहिलं. आत नुसता वारा. कुरणाला विसावा मिळेल, असं मी अहवालात लिहिलं आणि ते खोटं नव्हतं. फाटक नीट बंद होतं की नाही, तेही मला बघायचं होतं. होत होतं. मी फोटो काढला. काकूंनी ते पुन्हा सताड उघडलं, तारेने खांबाला बांधलं आणि मला विचारलं, "तुझ्या आईचं ते फूल उरलंय का?"

मूठभर उरलं होतं. रुमालात पुरचुंडी करून मी ती फाटकाच्या खांबाला बांधली. मग कंत्राट संपलं आणि मीही सांता क्लाराला गेलो, सगळे जातात तिथेच.

पुढच्या वसुबारसेला मी काकूंना फोन केला. रुमाल फाटलाय, म्हणाल्या, आतलं फूल कुणीतरी खाऊन गेलं. ससाही असेल. बर्फ पडून गेला होता, त्यामुळे खुणा दिसल्या नाहीत.

"आणि फाटक?"

"उघडंच आहे."

फोन ठेवून मी पुण्याला लावला. तिकडे पहाट होती. आईने पहिल्याच घंटेला उचलला.