मिलिंददादाचे पोटहुकूम

मिलिंददादा गेल्याची बातमी मला त्याच्याच आवाजात कळली.

सकाळची वेळ. भिवंडीत निजामपुऱ्यातल्या आमच्या घरातून मी वडपेला ड्युटीवर निघाले होते. खाली अब्बांच्या कारखान्यातले कापड विणायचे लूम चालू होते, त्यामुळे फोन कानाला घट्ट दाबल्याशिवाय आमच्याकडे काही ऐकू येत नाही. स्क्रीनवर मिलिंददादाचं नाव दिसलं. फोन घेतला तर आवाज आला, "रुबीना, घरी ये." एवढंच. थोडी शांतता... आणि पुन्हा तेच, अगदी त्याच सुरात, "रुबीना, घरी ये." मला त्यात काही वावगं वाटलं नाही. घशाच्या कॅन्सरमुळे त्याचं स्वरयंत्र काढलं, तेव्हापासून तो असाच बोलायचा. ऑपरेशनच्या आधी रेकॉर्ड करून ठेवलेली वाक्यं कॉम्प्युटरवर एक हुकूम टाइप करून वाजवायचा. मी स्कूटर काढली आणि खारबावला त्याच्या घरी पोचले, तर दारात चपलांचा ढीग. सुनंदावहिनी, म्हणजे त्याची बायको, भिंतीला टेकून बसल्या होत्या. फोन अजून त्यांच्या हातात होता. "माझ्या तोंडून शब्दच फुटेना ग," त्या म्हणाल्या. "म्हणून त्यांचाच आवाज लावला."

आता त्याला काही आठवडे झाले. त्या सकाळी कानात बसलेलं ते वाक्य मात्र अजून तिथेच आहे.

मिलिंददादा आणि मी वडपेच्या एका गोदाम कंपनीत कॉम्प्युटर विभागात एकत्र काम करत होतो. मी नवीन लागले तेव्हा तिथे प्रोग्रामांचा नुसता बाजार होता. माल आला की एक चालवायचा, माल गेला की दुसरा, लेबल छापायला तिसरा. प्रत्येक वेगळ्या माणसाने लिहिलेला, प्रत्येकाचं नाव वेगळं, प्रत्येकाची खोड वेगळी. "हे म्हणजे एका घराला गल्लीभर दारं," मिलिंददादा म्हणायचा. त्याने ठरवलं की दार एकच ठेवायचं. कॉम्प्युटरच्या काळ्या खिडकीत आधी 'गोदाम' हा शब्द टाइप करायचा, त्यापुढे कामाचा शब्द... गोदाम आवक, गोदाम जावक, गोदाम लेबल. या दुसऱ्या शब्दाला बाकीचे सबकमांड म्हणतात. मिलिंददादा पोटहुकूम म्हणायचा. पोटभाडेकरू असतो ना, तसा. आम्ही दोघांनी मिळून जे बनवलं तो खरं तर एक सांगाडा होता. नवीन काम निघालं की त्याची फाइल एका फोल्डरमध्ये नेऊन टाकायची, मुख्य हुकूम ती आपणहून शोधून काढायचा आणि पोटात घ्यायचा. पण दादाच्या दोन अटी होत्या. आपण कशासाठी आहोत आणि आपल्याला कोणी लिहिलं, हे पोटहुकुमाने एका ओळीत सांगितलंच पाहिजे, नाहीतर सांगाडा त्याला आत घेणार नाही. आणि कोणी चुकीचा शब्द टाइप केला तर यंत्राने माणसासारखं उत्तर द्यायचं. मी तिथे 'अवैध आदेश' असं लिहिलं होतं. त्याने ते खोडलं. "डबल शिफ्ट करून आलेल्या माणसाला अवैध काय म्हणतेस ग?" त्या जागी त्याने लिहिलं, 'हे मला येत नाही. दुसरं काहीतरी सांग.' गोदामातली पोरं ते वाचून हसायची. म्हणायची, मशीन अपना मिलिंदसर जैसा बात करता है.

कॅन्सरचे रिपोर्ट आले त्याच्या दुसऱ्या दिवशी तो नेहमीसारखा कामावर आला. चहा झाल्यावर मला म्हणाला, "रुबीना, गोदामची एक प्रत काढ. नाव बदलून 'बोल' ठेव." मला कळेना. "आवाज जाणार आहे माझा," तो म्हणाला. "सांगाडा तोच राहू दे. आत फक्त माणूस बसवायचाय." हे तो अगदी सरळ बोलला, एखादी रॅक इथून तिथे हलवायची असावी तसं.

रेकॉर्डिंगसाठी भिवंडीत शांतता आणायची कुठून? आमच्या घरी लूम, त्याच्या घराशेजारी रेल्वे, कंपनीबाहेर हायवे. शेवटी सुट्टीच्या दिवशी आम्ही वडपेच्या एका गोदामात बसलो. तिथे छतापर्यंत गाद्या रचलेल्या होत्या. दोन रांगांमधल्या बोळात त्याने स्टूल टाकलं, मी माइक धरला. त्या बोळात आवाज तोंडातून निघायचा आणि तिथेच मरायचा. घुमणं नाही, परतणं नाही. 'सुनंदा, चहा दे.' 'दुखतंय.' 'आता बरं आहे.' 'रुबीना, घरी ये.' 'पोचलो.' एकेक वाक्य म्हणून तो थांबायचा आणि माझ्याकडे बघायचा. आईसाठीचं वाक्य त्याने घरच्या बोलीत म्हटलं, "आये, जेवाला ये गो." आणि शेवटी, मी नको म्हणत असतानाही, ते चुकीच्या शब्दाचं उत्तरसुद्धा म्हणून ठेवलं. पुढे हे सगळं त्याच्या घरी वाजायला लागलं तेव्हा एक गोष्ट लक्षात आली. प्रत्येक माणसाच्या आवाजात तो बसलेल्या खोलीचा थोडासा आवाज मिसळलेला असतो. या आवाजात कुठलीच खोली नव्हती. स्वयंपाकघरात स्पीकर ठेवला तरी तो स्वयंपाकघरातून आल्यासारखा वाटायचा नाही... कुठूनच आल्यासारखा वाटायचा नाही.

ऑपरेशन झालं. आवाज गेला, मानेत श्वासासाठी भोक राहिलं, आणि नाकात जेवणाची नळी. ती शेवटपर्यंत निघाली नाही. हॉस्पिटलमधून सुटून घरी आला तेव्हा तो इतका वाळला होता की मीही क्षणभर ओळखलं नाही. त्याच्या आईचं तर त्याआधीपासूनच विसरणं सुरू झालं होतं. दारात उभ्या असलेल्या त्या मुक्या माणसाकडे त्यांनी बराच वेळ बघितलं आणि सुनंदावहिनींना विचारलं, "ह्यो कोन पाव्हणा आलाय?" दादाने बाजूला बसून कॉम्प्युटरवर हुकूम दिला. "आये, जेवाला ये गो." आईंचा चेहरा एकदम उजळला. "आले रे!" म्हणत त्या उठल्या, स्वयंपाकघराकडे निघाल्या, आणि जाता जाता दादाला म्हणाल्या, "तुमी पन बसा जेवाला. माझा मिलिंद बोलावतोय."

तेव्हापासून त्या घरात मिलिंद दोन झाले. आवाज होता तो आईंचा मुलगा, आणि समोर बसायचा तो पाव्हणा. आई पाव्हण्याशी फार अदबीने वागायच्या. त्याच्या पाठीला उशी द्यायच्या, मुलाचं कौतुक त्यालाच सांगायच्या, माझा मिलिंद वडप्याला मोठ्या कामावर हाय म्हणून. दादा मान हलवायचा. एकदा माझ्यासमोर हे झालं आणि मला रडू आवरेना. त्याने पाटीवर लिहून दाखवलं, 'बरं आहे. मी नसल्यावर तिला कळणार नाही.' अंगातली ताकद कमी झाली, हात थरथरायला लागले, तेव्हा त्याने माझ्याकडून एक काम करून घेतलं. रोज संध्याकाळी जेवणाच्या वेळेला तो पोटहुकूम आपोआप चालेल असं मी लावून दिलं. तो गेल्यावर ते बंद करायचं कोणाच्या लक्षात राहिलं नाही.

ज्या दिवशी तो गेला त्याच दिवशी संध्याकाळी सगळे स्मशानातून परतले होते. घर भरलेलं. पांढरे कपडे घातलेल्या बायका ओळीने बसलेल्या, भन्तेजींची वंदना नुकतीच संपली होती. आणि तेवढ्यात स्वयंपाकघरातून स्वच्छ आवाज आला, "आये, जेवाला ये गो." एका बाईच्या हातातला पेला पडला. दाराजवळ बसलेला त्याचा चुलतभाऊ उठून उभाच राहिला. मला सगळं माहीत होतं, मीच ते लावलेलं होतं, तरी मीही स्वयंपाकघराकडे वळून बघितलं. आई मात्र सहज उठल्या. "आले रे," म्हणाल्या, आणि बसलेल्या माणसांमधून वाट काढत स्वयंपाकघरात गेल्या.

ते बंद करायचं की नाही, यावर नातेवाईक बोलले. सुनंदावहिनींनी नको म्हटलं. "आईंना त्यांचा मुलगा आहे. मी कशाला काढून घेऊ?" पण नंतर आईंचं जेवण सुटलं. हाक आली की ओ द्यायच्या, ताटावर बसायच्या, आणि मग स्पीकरकडे बघून विचारायच्या, "तू जेवलास का रे?" उत्तर यायचं नाही. त्या बसून राहायच्या, ताट तसंच निवून जायचं. हातातल्या बांगड्या कोपरापर्यंत सरकायला लागल्या. डॉक्टर म्हणाले, असंच चाललं तर ॲडमिट करावं लागेल. वहिनींनी मला फोन केला. "रुबीना, एक पोटहुकूम बनवशील? नुसतं म्हणू दे त्यांना, हो आये, जेवलो. त्या वाट बघतात ग उत्तराची."

मी सगळी रेकॉर्डिंग पुन्हा ऐकली. 'जेवलो' हा शब्द कुठेच नव्हता. डॉक्टरांनी त्याला नळीचं आधीच सांगितलेलं होतं, म्हणून त्याने तो म्हटलाच नसणार. मग मी 'जेवाला'मधला 'जेव' कापला, 'पोचलो'मधला 'लो' घेतला आणि जोडला. त्याच्या आधी 'हो' आणि 'आये' लावले. ऐकून बघितलं... मिलिंददादा जेवलो म्हणत होता. जे त्याने त्या माइकसमोर कधीच म्हटलं नव्हतं, ते त्याच्याच घशातून. फाइल फोल्डरमध्ये टाकली तर सांगाड्याने ती परत केली. कशासाठी आहे, कोणी लिहिलं, ते सांगा. मी बराच वेळ त्या रिकाम्या ओळीकडे बघत बसले. शेवटी 'आईंनी जेवावं म्हणून' असं लिहिलं आणि खाली माझं नाव घातलं. यादीत बाकी सगळीकडे मिलिंद होता. घाईत चालवून बघताना माझ्याकडून एक अक्षर चुकलं, आणि खोलीत त्याचा आवाज आला, "हे मला येत नाही. दुसरं काहीतरी सांग." मी लॅपटॉप मिटून टाकला. अम्मी दारात येऊन विचारत होती, कोण आलंय म्हणून.

पुढच्या शुक्रवारी मी खारबावला गेले. संध्याकाळी ठरल्या वेळी हाक आली. आईंनी ओ दिली, ताटावर बसल्या, विचारलं, "तू जेवलास का रे?" वहिनींनी माझ्याकडे बघितलं. मी कळ दाबली.

"हो आये, जेवलो."

आईंचा हात ताटाकडे गेला नाही. त्या स्पीकरकडे बघत राहिल्या. मग मान वळवून माझ्याकडे बघितलं, आणि इतके दिवस मी त्यांच्या डोळ्यांत न बघितलेलं काहीतरी तिथे होतं.

"पोरी, ह्यो त्याचा बोल न्हाय," त्या म्हणाल्या. "तो कुठून जेवलो म्हनंल? नाकात नळी घालून बसायचा माझ्यासमोर. एक घास न्हाय गेला त्याच्या घशातून."

वहिनींच्या हातातली पळी तशीच राहिली. "आई... तुम्हाला माहीत होतं, ते कोण होते?"

"कधी कळायचं, कधी न्हाय." आई ताटातल्या भाकरीवरून बोट फिरवत होत्या. "गेला त्या दिवशी कळलं व्हतं. माझ्यासमोरून नेला ना त्याला. तवापासून माझ्या पन घशाखाली उतरत न्हाय."

मग वहिनींनी हळूच विचारलं, "मग रोज त्यांच्या हाकेला ओ का देता, आई?"

आईंनी स्पीकरकडे बघितलं आणि आवाज अगदी खाली आणला. "त्याला कोनी सांगितलंय का, तो गेला म्हनून? रोज बोलावतोय बिचारा. मी ओ न्हाय दिली तर त्याला कळंल."

वहिनी आईंच्या शेजारी जमिनीवर बसल्या आणि त्यांचा हात धरून रडल्या. तो गेल्यापासून त्या घरात सासू-सुना एकत्र अशा पहिल्यांदाच रडल्या असतील, आणि तेही तोंडावर पदर दाबून, आवाज न करता. नंतर वहिनींनी भाकरी कुस्करली, त्यावर वरण घातलं, आणि एकेक घास आईंना भरवला. पूर्ण नाही, पण बऱ्यापैकी जेवल्या. मी माझा पोटहुकूम काढून टाकला. बाकीचं सगळं जसं होतं तसं ठेवलं.

आता आई थोडंथोडं जेवतात. शुक्रवारी ड्युटी सुटली की मीही जाते. हाक आली की आई ओ देतात, आताशा त्यांच्या पाठोपाठ वहिनीही देतात, आणि परवा माझ्याही तोंडून नकळत "आले दादा" निघालं. त्या स्वयंपाकघरात त्याच्याविषयी कोणी 'होता' म्हणत नाही. हा लेख छापून आला की सुनंदावहिनी वाचतील, आईंनाही ऐकायचा असेल. मी वहिनींना सांगून ठेवलंय, बाहेर ओट्यावर नेऊन वाचून दाखवा... घरात वाचायचा तर मनातल्या मनात वाचा.