बहिणीची नखं आणि माझी दोन बोटं

गाडीचा बंपर रंगवता येणाऱ्या माणसाला बाईमाणसाचं नख रंगवता येतंच असं नाही, हे मला वयाच्या एकोणचाळिसाव्या वर्षी, सख्ख्या बहिणीच्या साखरपुड्याच्या दिवशी कळलं.

मी चाकणला गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कंपनीत पेंट शॉपला आहे. चौदा वर्षं झाली. रंगावर धुळीचा एक कण बसला तरी मला तो दोन हातांवरून दिसतो. (घरात बायकोने केस कापलेले दिसत नाहीत, पण तो वेगळा विषय आहे.) वडील गेल्यापासून कासारवाडीच्या आमच्या घरात मोठा पुरुष मीच. म्हणजे पाहुणे आले की दारात उभं राहायचं आणि धाकट्या बहिणीचं सगळं नीट पार पाडायचं, ही दोन कामं माझ्याकडे. त्या रविवारी मी ती दोन्ही एका हाताने केली. दुसरा हात मोकळा नव्हता.

बहीण स्नेहल तळवड्याला आयटी पार्कात नोकरी करते. हुशार आहे, धीट आहे, पण वडील गेले त्या वर्षी ती दहावीला होती आणि तेव्हापासून तिला नखं खायची सवय लागली. ती काही सुटली नाही. नखं इतकी आखूड की बोटं पुढे केली की ती बिचारी लाजून मागे सरकल्यासारखी दिसतात. साखरपुड्यात अंगठी घालताना सगळे फोटो हाताचेच काढतात, या विचाराने तिला महिनाभर झोप नव्हती. म्हणून तिने पार्लरवाल्या ताईंकडे नेल आर्टची वेळ घेतली होती. रविवारी सकाळी दहाला ताईंचा मेसेज आला. सासूबाई बाथरूममध्ये घसरून पडल्या, दवाखान्यात आहोत, सॉरी.

पाहुणे राजगुरुनगरहून चारला येणार होते.

"माझ्याकडे सामान आहे," स्नेहल म्हणाली. तिने हौसेने ऑनलाइन मागवलेला डबा काढला. सात रंगांच्या नेलपॉलिशच्या बाटल्या, बारीक ब्रश, चमकीचे खडे, दोन डझन खोटी नखं आणि गोंदाची एक चिमुकली ट्यूब. "पण माझे हात थरथरतायत. वहिनी, तू करतेस?"

माझी बायको वैशाली पंचवीस माणसांच्या पुऱ्यांची कणीक मळत होती. तिने कोपरापर्यंत भरलेले हात नुसते वर करून दाखवले.

आणि मी म्हणालो, "त्यात काय आहे. मी करतो."

आई आतून म्हणाली, "मिलिंद, तू खुर्च्या आण."

"खुर्च्या येतील गं. नख म्हणजे काय, लहान बंपरच. आधी घासायचं, मग प्रायमर, मग रंग, वरून क्लिअर कोट."

स्नेहलने माझ्याकडे बघितलं. त्या नजरेत विश्वास नव्हता, पण दुसरा पर्यायही नव्हता. बऱ्याच लोकांची लग्नं अशीच होतात.

सुरुवात मी शास्त्रशुद्ध केली. कपाटातला बारीक पॉलिश पेपर ओला केला आणि नखं घासायला घेतली.

"दादा, तू नखं घासतोयस की कढई?"

"पृष्ठभाग तयार नसेल तर रंग धरत नाही."

"आहे तेवढं तरी नख ठेव."

मग प्रत्येक बोटाभोवती मास्किंग टेप लावली. दहा बोटांना वीस मिनिटं गेली आणि स्नेहल एखाद्या अपघातातून वाचल्यासारखी दिसायला लागली. गुलाबी रंगाचा पहिला हात दिला. पातळ वाटला म्हणून दुसरा दिला. तोही पातळ वाटला. तिसऱ्यानंतर रंग ओघळून टेपखाली शिरला. ओघळ आलेला भाग मी कंपनीत डोळे झाकून नाकारतो. इथे तो भाग माझ्याकडे रडवेल्या डोळ्यांनी बघत होता.

"वाळू दे, बसेल खाली," मी म्हणालो आणि पंखा पाचवर केला.

पंख्याची पाती दिवाळीनंतर पुसलेली नव्हती. हे काम माझ्याकडे होतं. जी धूळ मला दोन हातांवरून दिसते ती सगळी वरून सावकाश आली आणि गुलाबी रंगावर बसली. मी पंखा बंद करून हेअर ड्रायर लावला. रंगाला देवीचे फोड यावेत तसे बुडबुडे आले.

"पूस," स्नेहल म्हणाली. एवढंच.

रिमूव्हरची अर्धी बाटली त्यात गेली. खरं तर इथे थांबायला हवं होतं. पण वैशालीच्या मोबाइलवर एक व्हिडिओ दिसला. त्यात एक मुलगी वाटीभर पाण्यात नेलपॉलिशचे थेंब टाकते, ते पाण्यावर पसरतात, काडीने नक्षी ओढते, बोट बुडवते आणि नखावर मोरपीस घेऊन बाहेर येते. सगळं मिळून तीस सेकंद. मी स्वयंपाकघरातून पातेलं आणलं. थेंब टाकले. त्यातले निम्मे दगडासारखे तळाला गेले आणि उरलेल्यांची साय धरली. तरी मी म्हणालो, "बुडव." तिने पाची बोटं बुडवली आणि वर काढली. मोरपीस नव्हतं. दुसऱ्या पेरापर्यंत हिरवा-जांभळा हात होता, गॅरेजमधल्या माणसाचा असतो तसा.

उरलेलं रिमूव्हर त्यात संपलं, तरी बोटांवर हिरवी-जांभळी छटा राहिलीच. बाटली उलटी करून झटकली, शेवटचा थेंब कापसावर पडला. घड्याळात दोन वाजले होते.

स्नेहल रडत नव्हती. ती रडली असती तर बरं झालं असतं. ती भिंतीकडे बघून म्हणाली, "मी हात मागे धरूनच उभी राहते. अंगठी गळ्यात घालू देत."

ती दहावीत असताना अशीच भिंतीकडे बघत बसायची, आणि तेव्हाही मला काय करावं ते सुचलं नव्हतं. म्हणून मी डब्यातली खोटी नखं काढली. ही तर तयार होती, गुलाबी, वर पांढरं नाजूक फूल. नुसती चिकटवायची.

फोटोत येणाऱ्या डाव्या हातापासून सुरुवात केली. चार नखं झकास बसली. खरंच सांगतो, झकास. स्नेहलने हात लांब धरून बघितला आणि सकाळपासून पहिल्यांदा हसली. "दादा, छान दिसतंय रे." माझी छाती भरून आली. माणसाने अशा वेळी सावध व्हायला पाहिजे.

राहिली होती त्या हाताची अनामिका, म्हणजे नेमकं अंगठीचं बोट. ट्यूबचं तोंड चोंदलं होतं. मी दाबली. काही आलं नाही. जोरात दाबली. आतला सगळा गोंद एकदम बाहेर आला. मी घाईघाईने अंगठा आणि तर्जनीत तिचं बोट पकडून नख दाबून धरलं आणि मनात तीसपर्यंत आकडे मोजले.

"दादा, सोड आता."

"सोडलंय."

"सोड ना."

"स्नेहल, मी सोडलंय."

आम्ही दोघांनी खाली बघितलं. मी खरोखरच सोडलं होतं. गोंदाने सोडलं नव्हतं.

पुढच्या पाऊण तासाचं मी थोडक्यात सांगतो. वैशाली म्हणाली, "अहो, झटका द्या." झटका दिला, तेव्हा स्नेहल अशी किंचाळली की खालच्या मजल्यावरून विचारणा झाली. आईने खोबरेल ओतलं. ते आमच्या हातांवरून सोफ्यावर गेलं. मी म्हणालो बाल्कनीत थिनर आहे, तर वैशाली म्हणाली, "त्या पोरीच्या हाताला थिनर लावलात तर मी माहेरी जाईन." रिमूव्हरने निघतं असं मोबाइलने सांगितलं, पण ते मी मघाशीच मोरपिसावर उधळलं होतं. वैशाली धावत खाली गेली. रविवार दुपार, कोपऱ्यावरची तिन्ही दुकानं बंद.

तेवढ्यात आईला आठवलं, "अगं, हिला साडी नेसवायची आहे."

साडीच्या आधी ब्लाऊज आला. ब्लाऊजच्या बाहीतून माझ्यासकट हात जाणार नव्हता. स्नेहलच्या अंगात ऑफिसचा जुना टी-शर्ट होता, पाठीवर इंग्रजीत 'आम्ही अडचणी सोडवतो' अशा अर्थाचं काहीतरी छापलेलं. शेवटी मी भिंतीकडे तोंड करून डोळे मिटून उभा राहिलो आणि वैशालीने त्या टी-शर्टवरच पैठणी नेसवली. पदराने पाठ झाकली.

आणि बेल वाजली. सव्वातीन. चाकणचा चौक पार करायला कायम तास लागतो हे धरून पाहुणे लवकर निघाले होते. आयुष्यात एकदाच तो चौक मोकळा मिळतो, तो त्या दिवशी त्यांना मिळाला.

मी दारात गेलो. स्नेहलही आली, तिला यावंच लागलं. आमच्या हातांवर वैशालीने ओढणी टाकली होती. "जय भीम, या, या," मी एकच हात छातीपाशी नेऊन म्हणालो. अनिकेत, म्हणजे नवरा मुलगा, त्याची आई, त्याचे मामा आणि बाकी मंडळी आत येऊन बसली. आम्ही दोघं तेलकट सोफ्यावर खेटून बसलो.

मामांनी थोडा वेळ निरखलं आणि गहिवरून म्हणाले, "बघा, बहीण जाणार म्हणून भावाला हात सोडवंना. असं प्रेम आताच्या दिसात ऱ्हायलं न्हाई."

हे ऐकून आईच्या डोळ्यांना खरोखरच पाणी आलं. तिला सगळं माहीत असूनही.

अनिकेत मात्र ओढणीकडे टक लावून बघत होता. इंजिनिअर आहे तो.

मग त्याच्या आई उठल्या. उंच, सडसडीत बाई, फारसं बोलणं नाही. स्नेहलला त्यांची मनातून भीती वाटायची. त्यांनी पिशवीतून साडी काढली आणि स्नेहलसमोर धरली. मोठ्यांनी दिलेलं दोन्ही हातांनी घ्यायचं, ही आमच्या घरची शिकवण. स्नेहलने दोन्ही हात पुढे केले. ओढणी खाली पडली. साडी घ्यायला तीन हात पुढे आले होते.

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. मग शांतपणे म्हणाल्या, "मिलिंदराव, तुमाला न्हाई दिली साडी."

कोणी हसलं नाही. हसले असते तर मला जमिनीत शिरायला निदान आडोसा मिळाला असता. "चिकटलंय," मी म्हणालो. आवाज माझाच होता का ते नीट आठवत नाही. मग सकाळी दहापासूनचं सगळं सांगितलं. स्नेहल मान खाली घालून बसली होती.

त्यांनी वाकून आमची बोटं उलटसुलट करून बघितली.

"ओढलं का?"

"ओढलं."

"वढायचं नसतंय. कातडं निघतं. वैनी, कोमट पानी आना पातेल्यात. साबण टाका आन् चमचाभर मीठ." त्या मांडी घालून खाली बसल्या आणि पदर खोचला. "मी एकवीस वर्सं चाकणला गाडीच्या दाराचं रबर चिटकवायच्या लायनीला व्हते. रोज कुनाचं ना कुनाचं बोट चिटकायचं. एकदा सुपरवायझर टेबलाला चिटकला व्हता."

"मग?" मामांनी विचारलं.

"मग काय. जेवणाची सुट्टी झाली, आमी जेवून आलो, मग सोडवला."

अर्धा तास लागला. पाण्यात बोटं भिजवत, ओढायच्या ऐवजी हळूहळू फिरवत, एकेक कड त्यांनी मोकळी केली. माझ्या दोन बोटांची वरची साल निघून आली. स्नेहलच्या बोटाला ओरखडासुद्धा पडू दिला नाही. खोटं नख मात्र निघालं, आणि खाली होतं ते दिसलं. खाल्लेलं, आखूड, कडेला हिरवट.

स्नेहलने पटकन मूठ मिटली.

"उघड," त्या म्हणाल्या. "मला ठावं हाय. अनिकेतनं सांगितलंय." मग आपला हात तिच्या हाताशेजारी धरला. गोंदाने आणि रबराच्या धारेने झिजलेली बोटं, नखं नावाला. "ही बघ माझी. मला कुठं नख ऱ्हायलंय. कुनाचं काय आडलं?"

आता मात्र स्नेहल रडली. चांगली रडली. उरलेली चार नखं तिने स्वतःच त्या पाण्यात बुडवून काढून टाकली आणि आत जाऊन ब्लाऊज घालून आली. वंदना झाली, मेणबत्ती लागली, अनिकेतने हिरव्या-जांभळ्या बोटात अंगठी घातली. फोटोत हात स्पष्ट दिसतो. तिने तोच फोटो सगळ्यांना पाठवला. पुऱ्या गार झाल्या होत्या, पण सगळ्यांनी चापून खाल्ल्या. मी डाव्या हाताने चमच्याने श्रीखंड खाल्लं.

सोमवारी पहिली शिफ्ट होती. नाशिक फाट्यावरून कंपनीची बस पकडली, गेटवर हजेरीच्या मशीनवर अंगठा ठेवला. मशीनने लाल दिवा लावला. पुन्हा ठेवला, पुन्हा लाल. माझ्या नावावर अंगठा आणि तर्जनी अशी दोनच बोटं नोंदलेली आहेत, आणि दोन्हींचे ठसे राजगुरुनगरच्या पाहुण्यांसमोर पातेल्यात विरघळले होते. मागे चाळीस माणसांची रांग थांबली. चौदा वर्षांच्या नोकरीनंतर कंपनीने मला ओळखायला नकार दिला.

ऑफिसातल्या मुलीने फॉर्म पुढे सरकवला. 'ठसा न उमटण्याचे कारण' या रकान्यात काय लिहावं कळेना. बराच वेळ विचार करून मी लिहिलं, 'बहिणीच्या साखरपुड्याला हातभार लावला.'

तिने ते वाचलं. माझ्या बोटांकडे बघितलं. शिक्का मारता मारता म्हणाली, "सर, लग्नात फक्त पाकीट द्या."