प्रबंधात बांधलेली पावती

पात्रतेच्या ऑफिसातल्या कारकुनाने माझी भाडेपावती उजेडात धरली, शिक्क्यावर नखाने खरवडलं आणि ती काउंटरवर परत सरकवली.

"आजी, ही रंगीत झेरॉक्स आहे."

"डोळे तपासून घे," मी म्हटलं. "माझ्या लग्नानंतरच्या दुसऱ्या वर्षाची पावती आहे ती."

"कागद बघा ना, कोरा करकरीत. मूळ आणा. शुक्रवारी बाराच्या आत. मग यादी बंद."

तो मंगळवार होता. नायगावच्या चाळीतली आमची खोली आधी सासऱ्यांच्या नावावर होती, मग नवऱ्याच्या झाली, मग नवरा गेला. चाळ पाडून टॉवर बांधतायत. त्यात घर हवं तर खोली सासऱ्यांकडून नवऱ्याकडे आली हे कागदावर दाखवावं लागतं, आणि ते दाखवणारी एवढी एकच पावती माझ्याकडे होती. ती नसेल तर मी अपात्र. अपात्र माणसाला घर नाही.

पावती कुणाकडे गेली होती हे आठवायला मला फार वेळ लागला नाही. विद्यापीठाच्या लॉ स्कूलमधली मुलं दरवर्षी आमच्या चाळीत कायदेविषयक मदतीचं शिबिर भरवतात. व्हरांड्यात टेबल मांडतात, फलक लावतात, फोटो काढतात. पहिल्या वर्षी माझा अर्ज एका चष्मेवाल्या मुलाने लिहून घेतला. सत्र संपलं आणि तो गेला. दुसऱ्या वर्षी दोन मुली आल्या, त्यांनी तोच अर्ज पुन्हा पहिल्यापासून लिहिला. पहिला कुठे आहे विचारलं तर म्हणाल्या, "ती बॅच पासआउट झाली, आजी." माझी अडचण तीच होती, तिला कुणी पास केलं नव्हतं.

तिसऱ्या वर्षी आली ती लॉच्या पाचव्या वर्षाला असलेली मुलगी. ती मदतीला नव्हे, संशोधनाला आली होती. चार पानं प्रश्न. पुनर्विकासामुळे तुमच्या भावविश्वावर काय परिणाम झाला? मी म्हटलं, पाणी पहाटे साडेचारला येतं, एवढा परिणाम लिही. तिने तेही लिहिलं. मग कागद मागितले. "स्कॅन करून दोन दिवसांत आणून देते," म्हणाली, आणि खरंच दोन दिवसांत आणून दिले, प्रत्येकाला वेगळी प्लॅस्टिकची पिशवी घालून. मी पिशवी उघडून पाहिली नाही. ती माझी चूक.

ऑफिसातून बाहेर पडले आणि तिला फोन लावला. आधी ती म्हणाली, "मूळच दिली असेल मी, आजी." मग म्हणाली, "आमच्या मॅडम म्हणाल्या होत्या, प्राथमिक साधनं, म्हणजे मूळ कागदच, जोडली तर मार्क जास्त."

"म्हणजे कुठे जोडलीस?"

"प्रबंधात. बांधून झालाय. ग्रंथालयात जमा आहे."

बुधवारी सकाळी बस बदलून मी लॉ स्कूलला गेले. वॉचमनने नाव लिहायला लावलं आणि "कुणाचे पालक?" म्हणून विचारलं. भिंतीवर अभ्यासक्रमांची यादी लावलेली होती: पाच वर्षांचा, तीन वर्षांचा, त्यानंतरचा एक, शिवाय सायबर कायदा, समुद्राचा कायदा. भाडेकरूचा मला कुठे दिसला नाही. असेल कशाच्या तरी पोटात.

ती मुलगी खाली येईपर्यंत मला एका हॉलमध्ये बसवलं. तिथे खोट्या खटल्याचा सराव चालला होता. एवढ्या उकाड्यात काळे कोट घातलेली मुलं समोर बसलेल्या मित्रालाच वाकून मायलॉर्ड म्हणत होती. एक मुलगा एका विधवेचं घर वाचवत होता. बोलत छान होता.

"कुठली बाई ही?" मी शेजारच्या मुलीला विचारलं.

"कुठलीच नाही, आजी. प्रॉब्लेम बनवलेला असतो. स्पर्धेसाठी."

"मग खरी बाई दिली तर चालेल का त्याला?"

ती हसली. मी विनोद केला नव्हता.

ग्रंथालयातले ग्रंथपाल सभ्य होते. त्यांनी प्रबंध काढून टेबलावर ठेवला, काळ्या कापडाची बांधणी, वर सोनेरी अक्षरं. शेवटच्या पानांत माझी पावती होती, चारी बाजूंनी डिंक लावून चिकटवलेली. खाली इंग्रजीत काहीतरी लिहिलं होतं.

"काय लिहिलंय गो?"

मुलगी चाचरली. "उत्तरदात्री क्रमांक अकरा. वृद्ध, निरक्षर विधवा."

"निरक्षर कोण? मी चौथी पास आहे. रोज पेपर वाचते."

"आजी, फॉर्ममध्ये दोनच रकाने होते. निरक्षर, नाहीतर दहावी आणि पुढे."

मी पावतीचा कोपरा नखाने उचलायला गेले, तेव्हा ग्रंथपालांनी प्रबंधावर हात ठेवला. "जमा झालेल्या प्रबंधातलं पान काढता येत नाही. निकाल लागायचाय. अर्ज करा, समितीपुढे ठेवू."

"समिती कधी बसते?"

"पुढच्या महिन्यात."

मग मॅडम आल्या. ह्यांच्याच हाताखाली संशोधन झालेलं. मला खुर्ची दिली, चहा मागवला, आणि समजावू लागल्या की पान काढलं तर प्रबंध अपूर्ण ठरतो आणि मुलीची पदवी अडकू शकते. "तुमचाच विषय मांडलाय तिने, आजी. खूप महत्त्वाचं काम झालंय. ह्यातून धोरणं बदलतात."

"धोरण बदलेल तेव्हा बदलेल. यादी शुक्रवारी बंद होतेय. ही पोरगी पुढच्या वर्षी पदवी घेईल. मी पुढच्या वर्षी कुठे राहू? इथे?"

"तसं नाही हो..."

"मग कसं? तुमच्याकडे एवढा कायदा आहे. दुसऱ्याची वस्तू डिंक लावून ठेवायची, ह्याला कायद्यात काय म्हणतात?"

चहा आला. तो मी प्यायले, कारण सकाळपासून काही खाल्लं नव्हतं. तेवढ्यात मुलीने वही उघडली आणि तिथेच उभ्या उभ्या लिहायला लागली. पाऊण पान झालं. लॉ स्कूललाच नोटीस, माझ्या नावाने: कागद माझ्या मालकीचा आहे, माझी परवानगी न घेता बांधला आहे, आज परत द्यावा. मराठीत होती, मी स्वतः वाचली आणि सही केली. तीन वर्षांत माझ्यासाठी लिहिलेला हा पहिलाच कागद, जो कुठेतरी पोचला. पोचायला टेबल ओलांडायचं होतं.

मॅडमनी तो हातात घेतला, पेन काढलं, आणि आधी त्यातल्या दोन चुका दुरुस्त केल्या. मग खाली लिहिलं की पावती तात्पुरती द्यावी, शनिवारी परत जमा करावी. ग्रंथपालांनी पाणी आणि पट्टी घेऊन अर्धा तास ती सोडवली. एक कोपरा फाटला. शिक्का शाबूत राहिला.

शुक्रवारी मुलगी माझ्याबरोबर ऑफिसात आली, पावती परत न्यायला. साडेअकराला माझा नंबर लागला. कारकुनाने कागद उलटा केला, सुलटा केला, शिक्का मारला आणि "पुढचा" म्हणाला. पाणी प्यायला लागतो तेवढाही वेळ त्याला लागला नाही.

बाहेर आल्यावर मुलीने हात पुढे केला.

"पावती, आजी. उद्या जमा करायचीय."

मी ती पिशवीत घातली आणि पिशवी काखेत धरली. "मॅडमना सांग, रंगीत झेरॉक्स चिकटवा. मी सहा महिने फसले, परीक्षकही फसेल."

"माझे मार्क जातील."

"जाऊ देत."

ती तिथेच उभी राहिली. रडेल असं वाटलं, पण रडली नाही. "बरोबर आहे तुमचं," एवढंच म्हणाली, आणि मला ते आवडलं नाही, कारण बरोबर आहे हे तिला बुधवारीही माहीत होतं, आणि डिंक लावतानाही कळायला हवं होतं.

यादीत माझं नाव आलं. तिचे मार्क गेले की नाही, मी विचारलं नाही. लॉ स्कूलच्या ग्रंथालयाकडून आतापर्यंत दोन पत्रं आली आहेत, दस्तऐवज परत करण्याबाबत, दोन्ही इंग्रजीत. खालच्या मजल्यावरच्या बँकवाल्याकडून मी ती वाचून घेतली. उत्तर दिलेलं नाही. घराची चावी हातात पडेपर्यंत देणार नाही, आणि पडल्यावरही देणार नाही.