स्थिर इलेक्ट्रोड

आज गुऱ्हाळाशेजारून जाताना ओल्या चुन्याचा वास आला आणि चाळीसच्या दशकातली आमच्या साखर कारखान्याची प्रयोगशाळा आठवली. रसाची आम्लता मोजायला तिथे नवं यंत्र आलं होतं. त्यातल्या एका इलेक्ट्रोडचा विद्युतदाब रसाप्रमाणे बदलायचा, दुसऱ्याचा स्थिर राहायचा. दोघांमधल्या फरकावरून आकडा कळायचा; आकडा जितका कमी, तितका रस आंबट. यंत्र रोज रस जास्त आंबट दाखवू लागलं, तेव्हा मला आंबटपणा मारायला रसात चुना घालणाऱ्या घोडेगावच्या सखारामचा संशय आला.

“चुना बाहेर विकतोस?”

“न्हाई साहेब, मापूनच घालतो.”

मी त्याला घरी बसवलं. तरी आकडा घसरतच राहिला. शेवटी स्थिर इलेक्ट्रोड तपासला, तर त्यातलं क्षाराचं पाणी आटलेलं; स्थिर राहायचा तोच सरकत होता, रस ठीकच होता. घोडेगावला जाऊन मी माफी मागितली. सखाराम परत आला, पण पुढे दरवेळी चुना तोलताना मला हाक मारायचा, “साहेब, बघायला या.”